एकट्या ससाण्याची चादर

चादरीवरची नक्षी काढणं हा माझा धंदा. आयुष्य त्यात गेलं, त्यामुळं आपल्याला कुणी शिकवायला नको असा माझा तोरा. त्या तोऱ्यानंच घात केला.

जवळच्याच वळसंग गावचे एक आबा आले. हवाई दलात विमानांच्या इंजिनांचं काम करायचे, रिटायर होऊन जमाना झालेला. पिशवीतून त्यांनी बाहीवरचा जुना कापडी बिल्ला काढला. गोल कडं, आत पंख पसरलेला एक ससाणा, नजर उजवीकडं.

"विमानं तीनदा बदलली, मास्तर, पण आमच्या स्क्वाड्रनचा ह्यो पक्षी तसाच ऱ्हायला," आबा म्हणाले. "आता शेवटची विमानंबी म्हातारी झाली. स्क्वाड्रन बंद हुनार. येत्या रविवारी सगळी शेवटचं जमनार हायेत. तितं माज्या पायलट सायबाच्या खांद्यावर ही चादर घालायची हाय. चुकायचं न्हाय बगा."

"काय आबा, सोलापुरात बसून चादरीची काळजी करता?" मी हसलो.

आमच्याकडं चादरीवर पाखरू एकटं नसतं. मोर असो, पोपट असो, समोरासमोर जोडी. म्हणून आम्ही अर्धंच चित्र काढतो. उरलेलं अर्धं माग उलटं करून विणतो. मी सवयीनं तेच केलं. गुरुवारी आबांसमोर चादर उलगडली. दोन ससाणे, चोचीला चोच लावून!

आबांनी बिल्ला उचलला. मग कडाडले, "लगीन लावलंस व्हय रं ह्यांचं?" बिल्ला माझ्या नाकासमोर धरला. "हितं किती हायेत? मोज की!"

तोंड कुठं लपवू असं झालं. ते गेल्यावर मी उगाच बायकोवर खेकसलो, चहा गार आहे म्हणून. मग मुकाट्यानं उठलो. अख्खं चित्र नव्यानं काढलं, मागाच्या दोऱ्या सोडून परत बांधल्या. दोन दिवस धड जेवलो नाही. शनिवारी सकाळी एकटा ससाणा मागावरून उतरला.

आबांनी बिल्ला शेजारी ठेवून चादर नीट पारखली. "जमलं," म्हणाले. "आता ती पयली बी दे."

"ती कशाला? फरशी पुसायला काढतो तिला."

"खबरदार!" आबा एकदम ओरडले आणि तिथंच स्टुलावर बसले. "आमी विमानं जोडीनंच सोडायचो. लढाईत एका सकाळी दोन सोडली. माजा सायब परत आला. दुसरा न्हाय आला. त्या दुसऱ्याचं इंजिन मीच तपासून दिलं हुतं."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"येकटा ससाणा सायबाला," आबा म्हणाले. "ही माज्या घरी ऱ्हाऊ दे."

मी घडी घालायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. घडी त्यांनी स्वतःच घातली, दोन्ही ससाणे वर राहतील अशी.