बशीतला कप

माझ्या त्या हायकूला टाळ्या पडल्या होत्या. अजूनही कोथरूडला भाजी घेताना आमच्या हायकू मंडळातलं कोणीतरी भेटतं आणि म्हणतं, "अहो, तुमचं ते कपबशीचं काय सुंदर होतं!" मी कसनुसं हसते आणि हातातली मेथीची जुडी उगाच उलटसुलट करत राहते. लाज वाटते, दुसरं काही नाही.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. घटस्फोटाला दहा वर्षं झालेली, मुलगी बंगळुरूला. गणिताच्या शिकवण्या घेत असल्यामुळे की काय, हायकूची पाच-सात-पाच अक्षरं बोटांवर मोजायला मला फार आवडायचं. बसमध्ये, रांगेत, कुठेही माझी बोटं चालू असायची. मंडळ म्हणजे आम्ही आठ-दहा जण. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, आपापलं वाचायचं, पोहे खायचे.

ज्याच्यावरून तो कपबशीचा हायकू सुचला, त्याचं कसबा पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तोंडावर मी त्याला 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणायचे, मनात मात्र पहिल्या महिन्यातच 'तो' करून टाकला होता. वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन गेले होते. त्यानं ते कानाशी धरलं आणि म्हणाला, "ठेवून जा. वेळ लागेल." पुढच्या आठवड्यात गेले, झालं नव्हतं. त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. दर वेळी तो दुकानाचं शटर ओढून घ्यायचा आणि आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायचो. तिथेही माझी बोटं चालू झाली की तो ओळखायचा, हायकू चाललाय. घड्याळ हा निव्वळ बहाणा आहे, असं मी ठरवून टाकलं. या वयात कोणी आपल्यासाठी बहाणे करतंय! मी व्हॉट्सॲपवर त्याला पाठवलं:

घड्याळ माझं
अजून त्याच्याकडे
वेळही तिथे

उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. जुन्या वळणाचा माणूस, लाजला असेल, असं मला वाटलं.

मग एकदा चहा पिताना त्याचा कप बशीवर टेकताना वाजला. त्यानं चटकन दुसरा हात लावला. मी अशी काही खूश झाले की घरी येईपर्यंत हायकू तयार होता. तो मात्र मी पाठवला नाही. पुढच्या रविवारी मंडळ माझ्याकडे होतं, म्हणून त्यालाच बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. माझी पाळी आली तेव्हा तिसरी ओळ मी मुद्दाम त्याच्याकडे बघून वाचली:

बशीत कप
किणकिणतो हळू
माझ्यामुळे का?

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. एक बाई "अय्या!" म्हणाल्या, टाळ्या झाल्या. मग चहा आला. तो म्हणाला, "नको, आत्ताच झालाय." उजवा हात त्यानं डाव्या हाताखाली दाबून धरला होता. तेही मला गोडच वाटलं.

त्यानंतर तीन आठवडे त्यानं फोन उचलला नाही. शेवटी मीच कसब्यात गेले. त्यानं खणातून कागदात गुंडाळलेलं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं.

"घ्या. चालू झालंय. मी नाही केलेलं. पलीकडच्या गल्लीतल्या एकाकडून करून आणलं."

मला काही कळेना.

"हात स्थिर राहत नाही माझा. दोन वर्षं झाली. बारीक स्क्रू धरता येत नाही. पट्टे विकतो. बाकी गिऱ्हाइकांना 'वेळ लागेल' सांगतो, ती कंटाळून परत नेतात. तुम्ही काही नेईनात." मग तो तसाच कोरडेपणानं म्हणाला, "आणि तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुमच्यामुळे नाही."

"मला खरंच कळलं नाही हो," मी म्हणाले.

"पाहिलंत तर तुम्हीच. घरातल्यांच्याही अजून लक्षात आलेलं नाही."

पाहिलं होतं मी, अगदी नीट पाहिलं होतं. पण पाहून झाल्याबरोबर त्यात स्वतःलाच बसवलं आणि दहा माणसांसमोर ते वाचून दाखवलं. तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण पळाले असते तर ते त्याला आणखी लागलं असतं. म्हणून कोपऱ्यावर जाऊन दोन चहा आणले, बशा न घेता, उंच ग्लासांत, त्याचा अर्धाच भरून. अर्ध्या ग्लासाकडे त्यानं क्षणभर पाहिलं. मग दोन्ही हातांनी तो उचलला आणि माझ्यासमोर, काही न लपवता प्यायला लागला. ग्लास दातांवर वाजत होता. इतका विश्वास त्यानं माझ्यावर पुन्हा टाकला होता.

आणि मांडीवर माझा अंगठा एकेका पेरावरून सरकायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. लक्षात येताच मी मूठ आवळली, पण उशीर झाला होता. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला.