बांध आणि रडार

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या उन्हाळ्यात मी परभणीजवळ पेडगावला घरी आलो होतो. दूरच्या शहरात मी उपग्रहाच्या रडारवर काम करायचो. एकाच जागेच्या, काही आठवड्यांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नोंदी जुळवल्या की जमीन बोटभर खचली तरी रंगांचे पट्टे उमटत. रानात उभं राहून हे मी वडिलांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि स्वतःची पंचाईत करून घेतली.

"मग आपला बांध बघ की," ते म्हणाले. "तुझा चुलता दरसाल कोरायलाय."

रडारला जमीन खाली-वर झालेली कळते, बांध कोरलेला नाही, हे त्यांना पटेना. शेवटी पिशवीतलं छापील चित्र दाखवलं. परभणीची वस्ती त्यात स्वच्छ उमटली होती. आमच्या शिवारावर नुसते विस्कटलेले ठिपके.

"आपलंच कामून न्हाई?"

"नांगरलं, वखरलं की ढेकळं हलतात, आबा. मग पहिली नोंद दुसरीशी जुळत नाही."

"मंजी पडीक ठिवलं तर दिसंल?"

"हो."

"आन् कसलं तर न्हाई."

चित्राची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. पलीकडे चुलता बैल वळवत होता. वळताना नांगराचा फाळ बांधात शिरला आणि वीतभर बांध आमच्यादेखत त्याच्या रानात कोसळला. चुलत्यानं मान वर करून विचारलं, "कवा आलास रे?"

"सकाळी," मी म्हणालो.