चाचांची विलायती चाल

आज मंगळवार. सकाळी साडेनऊला रहीमचाचा गेले. दुपारच्या नमाजनंतर माती दिली.

मी त्यांच्याशी एकदा खोटं बोललो होतो. ते दुरुस्त करायचं राहून गेलं.

लातूरला एकोणीस वर्षं मी त्यांच्या घरात, वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. शाळेत इंग्रजी शिकवतो.
ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.

वरातीत लोक म्हणतील ते वाजवायचे. पण नवरी गाडीत बसली की चाल एकच. बँडवाले तिला 'विलायती' म्हणायचे.

तरुणपणी हैदराबादच्या एका बँडमास्तरांकडून उचललेली. नुसते सूर. शब्द कोणालाच माहीत नव्हते.

चाळीस वर्षं प्रत्येक पाठवणीला तीच. इकडे चाकूर, तिकडे पार नायगावपर्यंत.
मी राहायला येण्याआधी त्यांच्या मुलीचं, शबानाचं लग्न झालं. तिच्याही पाठवणीला तीच.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत म्हणाले, "सर, तुम्ही इंग्रजीचे. ह्या गाण्यात काय म्हणून राहिलेत ते बघा की. लई लेकी वाटंला लावल्या त्याच्यावर."

त्यांनी वाजवलं, मी मोबाईल समोर धरला. दुसऱ्या खेपेला अ‍ॅपनं ओळखलं.

विलायतेकडचं जुनं, घरोघरी गायलं जाणारं गाणं. पुढं जाझवाल्यांनी घेतलं आणि ज्यानं त्यानं आपल्या मनानं फिरवलं.

एका सॅक्सोफोनवाल्याचं लावलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

"हा बी आपल्यावानीच बँडवाला दिसतो. सरळ वाजवणं जमतच न्हाई याला!"

मग शब्द विचारले. मी तोपर्यंत वाचले होते.

ती घर सोडून गेली आहे, परत येणार नाही, आणि तो एकटा रिकाम्या घरात बसला आहे.
एवढंच गाणं.

मी म्हणालो, "चांगलं आहे चाचा. सुखी राहा, असं म्हटलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"हाव? मला वाटलं, कोणीतरी रडून राहिलंय."

पुन्हा कधी विचारलं नाही.

एवढ्या लग्नांत आपण अपशकुन केला, असं त्यांना वाटेल, ही माझी भीती. सांगू, सांगू म्हणत उन्हाळा आला. मग त्यांचा दमा वाढला, वाजवणं बंद झालं. आजारी माणसाला आता कशाला, असं वाटलं.

आज कब्रस्तानातून परत आलो. शबाना भोकरहून आली होती. दारातच म्हणाली,

"सर, अब्बा म्हणायचे, सरांनी त्या गाण्याचं खरं सांगितलं न्हाई, लई भिडस्त माणूस हाय. काय हाय हो त्याच्यात?"

मी सगळं सांगितलं. एकेक ओळ, मराठीत.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"मग बराबरच वाजवलं की त्यांनी. अम्मी आधीच गेलती. मी गाडीत बसले, अन् घरात ते एकलेच राहिले."



चाचा, उशीर झाला. पण खरं ते सांगितलं. खुदा हाफिज.

वर आलो. पाण्याची मोटर लावली आणि टाकी भरेपर्यंत पायरीवर बसून राहिलो.