संपर्क झाला नाही

गोंदियाजवळच्या गोरेगावहून रोज सकाळी एसटी पकडून मी शहरात जायचे. तिथल्या एका दातांच्या दवाखान्यात सहायक म्हणून पाच वर्षं होते. तोंडातलं रक्त, पू, थुंकी यांची मला कधी घाण वाटली नाही. ते काम होतं.

चौथ्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी इम्प्लांटच्या सामाईक नोंदवहीत दवाखान्याचं नाव घातलं. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर चढवलेला दात. गावोगावच्या दवाखान्यांनी आपला प्रत्येक इम्प्लांट त्या नोंदवहीत लिहायचा. तीन महिन्यांनी, वर्षाने पेशंटला बोलवायचं, दात घट्ट आहे की हलतो, हिरडीतून पू येतो का, ते बघून तसंच लिहायचं. सगळ्यांच्या नोंदी एकत्र आल्या की कुठे चुकतंय ते कळतं. हे काम डॉक्टरांनी माझ्याकडे दिलं. मला ते मनापासून आवडलं. मी नवी वही केली, पेशंटना फोन लावू लागले. दर शनिवारी वहीतलं कॉम्प्युटरवर चढवायचे.

पहिला हलणारा दात निघाला तेव्हा मी 'सैल' असं लिहिलं. डॉक्टरांनी वही पाहिली आणि हसून म्हणाले, "मॅडम, हे असं नाही लिहायचं. 'संपर्क झाला नाही' लिहा. ऐसे केस गिनती में नहीं आते."

"पण सर, ते आले होते ना काल?"

"आले होते. पण त्यांनी तंबाखू सोडली नाही. त्यांची चूक माझ्या नावावर कायले?"

मी खोडलं. वर 'संपर्क झाला नाही' लिहिलं. पुढचे आठ महिने लिहीत राहिले. कोणाचा स्क्रू निघाला, कोणाची हिरडी सडली, सगळे माझ्या सुवाच्य अक्षरात बेपत्ता झाले.

मग चोरखमारा गावाकडची एक बाई आली. साठीची, धानाची शेती असलेल्या घरातली. वर्षापूर्वी तिला खालच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवले होते. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, हा दात हालून राहिला. तोंडाचा असा वास येते की नातू जवळ नाही येत. मी तीनदा येऊन गेली, औषध देऊन वापस पाठवलं. काऊन असं?"

डॉक्टरांनी दाताला चिमटा लावला आणि स्क्रूसकट तो अलगद वर आला, ओल्या मातीतून खुंटी यावी तसा. मागून पिवळा पू आला. दुसराही हलत होता. बाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती हूं की चूं करत नव्हती. डॉक्टरांनी जखम धुतली, कापूस दाबला, हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "वार्षिक नोंद भरून टाका. संपर्क झाला नाही."

बाई खुर्चीतच होती. तोंडात कापूस, डोळे उघडे. तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं न कळणं होतं. मी मागच्या मोरीवर गेले आणि उलटी केली. डॉक्टरांची किळस आली हे खरं, पण जास्त किळस माझ्या उजव्या हाताची आली.

त्या महिन्यात डॉक्टर कुठल्याशा संमेलनाला गेले. आमच्याकडे एकही इम्प्लांट फसत नाही, असं पडद्यावर दाखवून आले. दवाखान्याच्या भिंतीवर तसं लिहिलेली फ्रेम लागली. पेशंट ती वाचायचे आणि निश्चिंत होऊन खुर्चीत बसायचे.

मी ज्यांना बेपत्ता केलं होतं त्या सगळ्यांना माझ्या फोनवरून फोन लावले, दुपारच्या सुट्टीत, पायऱ्यांवर बसून. जवळजवळ सगळ्यांनी उचलला. चिचगडचे एक गुरुजी म्हणाले, "मी तर वाटच पाहून राहिलो होतो, कोणी विचारेल म्हणून." शनिवारी मी प्रत्येकाची नोंद दुरुस्त केली. सैल. पू. काढला. बाईचेही दोन्ही लिहिले.

दोन आठवड्यांनी नोंदवही चालवणाऱ्यांकडून विचारणा आली, एवढा बदल कसा झाला म्हणून. डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"हे तुम्ही केलं?"

"हो सर."

"कशासाठी? मी तुमचं काय वाईट केलं?"

"त्या बाई खुर्चीत होत्या, सर. तुमच्या हाताखाली. आणि तुम्ही म्हणालात, संपर्क झाला नाही."

त्यांनी मान खाली घालून पेनाला टोपण लावलं. लाजले असतील, असं मला क्षणभर वाटलं. मग म्हणाले, "ह्यानं इतर डॉक्टर हसतील माझ्यावर, समजतं का तुम्हाला?" बाईचा विषयच नाही. मी एप्रन काढून टेबलावर ठेवला आणि निघाले.

डॉक्टरांनी नोंदवहीतून नाव काढून घेतलं. तशी मोकळीक असते म्हणे. दवाखाना चालू आहे, गर्दीही आहे. मी आता गोरेगावलाच एका छोट्या दवाखान्यात काम करते. इथे इम्प्लांट बसवत नाहीत.

बाईला मी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. हाड फार झिजलंय, आता कवळीच, असं ते म्हणाले. मागच्या बाजाराच्या दिवशी ती भेटली. कवळी पिशवीत होती. "टोचते वो," म्हणाली, "जेवतानी काढूनच ठेवतो." मग तिने वांगी घेतली, मऊ शिजतात म्हणून.