मान हलवायची, एवढंच

निजामाच्या राज्यात कचेरी म्हटलं की बाया-माणसं लांबूनच जायची. उगाच जायची असं मी म्हणणार नाही. पण सगळ्या कारकुनांना एका दावणीला बांधून शिव्या घालणारे भेटले की माझं डोकं फिरतं. मी एक कारकून पाहिला आहे.

प्लेगाचं वर्ष होतं. अंबाजोगाई ओस पडलेली, माणसं शिवारात झोपड्या घालून राहिलेली. आमच्या झोपडीत आधी सासू गेली, मग नवरा. उरले मी आणि अंगावर पिणारी मुलगी. शेजारच्या झोपडीत एकाच्या काखेत गाठ आली तेव्हा मी ठरवलं, पोरीला घेऊन घाटनांदूरला माहेरी जायचं. पण परवान्याशिवाय नाक्यावरून कुणाला सोडत नव्हते, आणि परवान्यावर नवऱ्याचं नाव लागायचं.

कचेरीही तेव्हा आमराईत, राहुटीत आली होती. पुढं दोर बांधलेला. कारकून दोराच्या आत, आम्ही बाहेर. तिथल्या एकानं लांबूनच ओरडून विचारलं, नवऱ्याचं नाव काय. आता नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्याचं आयुष्य संपलं होतं, तरी जीभ वळेना. तो हसून म्हणाला, “उखाण्यात घे की मग.” लग्नात हौसेनं घेतात तो उखाणा, आणि माझं कुंकू पुसून आठवडाही झाला नव्हता. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मागं बसलेला एक वयस्कर कारकून उठला. दोर उचलून बाहेर आला आणि माझ्यासमोर चक्क मातीत बसला. हळूच म्हणाला, “बाई, मी देवाची नावं घेतो. तुमी निस्ती मान हलवा.”

आमच्याकडं माणसांची नावं देवांचीच; तो एकेक नाव घेत गेला. मी खाली बघून नाही-नाही करत राहिले. पोर रडायला लागली तेव्हा थांबला, मी तिला पदराखाली घेतल्यावर पुन्हा सुरू झाला. बरोबर नाव आलं तेव्हा मान हलवताना मला रडू फुटलं. नवरा गेल्यापासून त्याचं नाव कुणी असं नीट उच्चारलंच नव्हतं. कारकुनानं उर्दूत परवाना लिहिला, मराठीत मला वाचून दाखवला आणि मगच अंगठा घेतला. माझ्यामागच्या बाईसाठी तो पुन्हा तसाच खाली बसला. दोराबाहेर आजार होता, हे आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं.

पोर वाचली.

साथ ओसरल्यावर भावाला घेऊन मी परत गेले. साथीत सरकारनं सील केलेलं घर उघडायची परवानगी हवी होती. कचेरी अजून आमराईतच होती, पण तो दिसेना. चपराशानं सांगितलं, गाठ आली अन् दोन रोजांत गेला. आमच्यापाशी बसून बसून गेला, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मी मात्र तसंच मानते.

दोरापाशी एक बाई उभी होती. कपाळ मोकळं, दोन लेकरं पदराला धरून. त्याची बायको, चपराशानंच दाखवली. तिला माहेरी जायचा परवाना हवा होता. समोरचा कारकून बीडहून नवा आलेला. नवऱ्याचं नाव अर्जदारानं सांगावं, मगच लिहीन, म्हणत होता. तिची जीभ वळेना. चपराशी केव्हाच उठून आत गेलेला. रांगेतल्या आम्हा बायांनाही सांगता येईना, कारण आमच्या सगळ्यांच्या माणसांची नावं ज्यानं हुडकून काढली, त्याचं नाव आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणत होतो.

मी तिच्यासमोर मातीत बसले. म्हटलं, “माय, आमी देवाची नावं घेतो. तू निस्ती मान हलव.”

एक नाव मी घेतलं, एक मागच्या म्हातारीनं, मग एकेक करून सगळ्याच घेऊ लागल्या. ती नाही-नाही करत राहिली. एका नावाला तिनं तोंडावर पदर घेतला आणि मान हलवली. मी उठून ते नाव नव्या कारकुनाला मोठ्यानं सांगितलं, त्यानं लिहून घेईपर्यंत सांगत राहिले.

माझ्या नवऱ्याचं नाव माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. त्या साहेबाचं निघालं.