वसुबारसेचा चौकोन

नाशिकात माणूस निवृत्त झाला की पहिले दोन महिने पहाटे फिरायला जातो, तिसऱ्या महिन्यात त्याचे गुडघे दुखायला लागतात आणि चौथ्या महिन्यात तो माझ्या दुकानात उगवतो. हातात वह्या. "मॅडम, आयुष्यावर थोडंसं लिहिलंय." थोडंसं म्हणजे चारशे पानं. अशोक स्तंभाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, भाडेकरार, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, यावर माझं निवांत चाललं असतं. पण नाही! कुणाची बायको गेली, कुणाची बदली झाली, कुणाला भावानं फसवलं, की तो लेखक झालाच म्हणून समजा. आणि मग मंजुषाताईंनी ते सगळं टाइप करायचं, पुस्तक बांधून द्यायचं आणि वर "वाचताना रडलात का हो?" याचं उत्तरही द्यायचं.

त्यामुळे संक्रांतीनंतर ठमाबाई दुकानात आली तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. मखमलाबादची बाई, साठीची, झेंडू-शेवंती पिकवणारी. गणेशवाडीच्या फूलबाजारात माल टाकून तशीच आलेली, पदराला पाकळ्या चिकटलेल्या. तिनं काखेतून एक जुनं कॅलेंडर काढलं आणि माझ्या टेबलावर पसरलं.

"ताई, याचं पुस्तक करून पाहिजे."

"मावशी, हे कॅलेंडर आहे."

"दिसतंय मला. वाचून तर बघा."

वाचलं. तारखेच्या एकेका चौकोनात पेन्सिलीनं मुंगीएवढ्या अक्षरात एक-दोन वाक्यं. 'आज मोटार जळाली.' 'शेवंतीला भाव नाय. गाईला घातली.' 'सवीला मुलगा झाला म्हणे.' रोज. एकही चौकोन रिकामा नाही.

"अशी किती आहेत?"

"तेवीस."

मी कपाळाला हात लावला.

बाई चौथी शिकलेली. नवरा चिमाजी तापानं फणफणला तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? हिला सांगता येईना. सोमवारपासून की मंगळवारपासून? उलटी कधी झाली? गोळी कोणती दिली? ही नुसती बघत राहिली. डॉक्टर ओरडले. चिमाजी तिसऱ्या दिवशी गेला. घरी आल्यावर हिनं कॅलेंडरच्या खिळ्याला पेन्सिल बांधली. "परत कुणी विचारलं, कधी काय झालं, तर मला सांगता आलं पाहिजे," असं ती मला म्हणाली. म्हणताना डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. मीच उगाच पाणी प्यायला उठले.

पण पुस्तक कशाला, असं विचारलं तर म्हणे, "सवीला वाचायला. माझी लेक, सविता. येवल्याला दिलीय. शिकलेली हाय, पुस्तक हातात आलं की वाचल्याबिगर ठेवायची नाय."

"मग फोन करा की!"

"फोन नाय करत आम्ही," म्हणाली आणि विषय संपवला.

मग जे सुरू झालं त्यानं माझं डोकं उठलं. तिचा मुलगा ललित दर शनिवारी मोटारसायकलवरून खताच्या गोणीत दोन-तीन कॅलेंडरं घालून आणून द्यायचा. एकोणतीस-तीस वर्षांचा, कामसू, आईच्या धाकातला. दुपारी ठमाबाई येऊन प्रूफ ऐकायची. मी वाचायचं, तिनं डोळे मिटून ऐकायचं. आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं तिला चालायचं नाही. 'गाईला घातली'च्या जागी मी 'गाईला खाऊ घातली' केलं, तर म्हणाली, "घातली. चौकोनात तेवढंच बसलं." मी म्हटलं, मावशी, पुस्तकात चौकोन नसतात. तर म्हणे, "नसतात तर करा." जुलैपर्यंत मी तिच्याशी इतकी भांडले की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटायचं, ही माझी सासू आहे.

"मावशी, भाजीत मीठ जास्त झालं हे कशाला छापायचं? कोण वाचणार?"

"झालं होतं म्हणून."

"अहो, पण..."

"घडलं ते लिवलं. खोडायचं नाय."

मी मीठ तसंच टाइप केलं, कप्पाळ!

ऑगस्टात माझ्या लक्षात आलं, अकरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आलेलंच नाही. ललितला विचारलं. तो म्हणाला, "ते उंदरांनी खाल्लं."

"बाकी बावीसांना तोंड लावलं नाही, नेमकं तेवढंच गोड लागलं का?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "ताई, सोडून द्या ना ते वर्ष. एका वर्षानं काय बिघडतंय? कोण मोजतंय?"

आता मला सांगा, मी सात महिने पानं जुळवत बसलेय आणि हा म्हणतोय सोडून द्या! मी तिथल्या तिथं ठमाबाईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कॅलेंडर घेऊन आली. गादीखाली ठेवलं होतं, चांगलं धडधाकट. उंदराचा दात लागलेला नव्हता.

"हे वर्ष गोणीत घालायचं नाय असं मीच म्हणलं होतं," ती म्हणाली. "हे माझ्या हातानं आणायचं होतं." आणि तिनं दिवाळीचं पान काढून वसुबारसेच्या चौकोनावर बोट ठेवलं. बाकी चौकोनांपेक्षा तिथलं अक्षर बारीक होतं, कारण मजकूर जास्त होता.

'ललित सवीला आणायला येवल्याला गेला. चिवड्याचा डबा दिला. सांजेला आला. सवी नको म्हणाली. परत येऊ नका म्हणाली. चिवडा ठेवून घेतला.'

सविताची ती लग्नानंतरची पहिली दिवाळी. पहिल्या दिवाळीला मुलगी आपल्या पायानं माहेरी येत नाही. माहेरून भाऊ मुराळी म्हणून जातो, फराळ नेतो आणि मानानं घेऊन येतो. बाप नव्हताच, म्हणून ललित गेला होता. आणि सविता नको म्हणाली. का, ते ठमाबाईला आजतागायत कळलेलं नव्हतं.

"मग तुम्ही विचारलं नाही? अकरा वर्षं?"

"तिनं येऊ नका म्हणल्यावर म्या का जाऊ?" मग म्हणाली, "पण चिवडा ठेवून घेतला ना तिनं. म्हंजी राग पुरा नव्हता. मी रोज तेच घोकते. डबा रिकामा आला होता ताई. तिनं चिवडा काढून घेतला आन् डबा दिला."

मला त्या दोघी मायलेकींना समोरासमोर बसवून एकेक ठेवून द्यावीशी वाटली. येवला काय लंडनला आहे? एसटीत बसलं की दोन-अडीच तास! बरं, लेकीचा नंबर होता हिच्याकडे. दरवर्षी नव्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायची. लावला एकदाही नाही.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. एका निवृत्त साहेबांच्या आत्मचरित्रापायी त्यांचा भाऊ माझ्या दारात येऊन तमाशा करून गेला होता, तेव्हापासूनचा. ज्याच्याबद्दल वाईटसाईट लिहिलंय, त्याला ती पानं आधी दाखवायची. मी ठमाबाईला हे सांगितलं. तिनं कॅलेंडर मिटलं. मग म्हणाली, "दाखवा. तिच्यासाठीच तर चाललंय."

मी त्या पानाचा फोटो काढून सविताला पाठवला. खाली लिहिलं, 'हरकत असल्यास कळवावे.' निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. ठमाबाई रोज फोन करून विचारायची, "आलं का?" मी रोज चिडून सांगायचे, "आलं की सांगेन हो!" आणि रोज मीही फोन बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. हनुवटी ठमाबाईची, उभं राहणं ठमाबाईचं, कपाळावरची आठीसुद्धा तीच. मला ओळख विचारावी लागली नाही.

"हे कुणी लिहिलं?" तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"तुमच्या आईनं. बसा, पाणी घ्या."

"मला पाणी नको. मला एवढंच सांगा, कसला चिवडा?"

मला आधी कळेचना. "म्हणजे?"

"कोण आलं होतं? कुणीच आलं नाही! मी बॅग भरून ओट्यावर बसले होते सकाळपासून. दिवेलागणीपर्यंत. सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, हिच्या माहेरचं कुणी फिरकलंही नाही. अकरा वर्षं ऐकतेय मी ते. आणि ही लिहिते मी नको म्हणाले?" तिनं पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. कॅलेंडरचं पान, तोच महिना. वसुबारसेच्या चौकोनात निळ्या पेनानं लिहिलेलं होतं: 'वाट बघितली. कुणी नाही आलं.'

"तुम्हीही लिहिता?" माझ्या तोंडून निघालं.

"आईचं बघून लागलेली सवय." आणि मग ती रडली. मी झेरॉक्सवाल्याला चहा आणायला सांगितलं आणि ठमाबाईला फोन केला, प्रूफ बघायला या म्हणून. सविता आलीय हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मानापमानाचं आणखी एक प्रकरण उभं राहिलं असतं.

अर्ध्या तासानं ललितच्या गाडीवरून ठमाबाई उतरली. आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबली. ललितनं बहिणीला बघितलं, टेबलावरची दोन पानं बघितली, आणि हेल्मेट हातात धरून खालीच बसला. फरशीवर.

"मी गेलोच नव्हतो," तो म्हणाला.

कुणी काही विचारलंही नव्हतं.

"स्टँडवर पोरं भेटली. सापुताऱ्याला चालली होती. म्हटलं, आज फिरून येऊ, तायडीला उद्या आणू. चिवडा वाटेत खाल्ला. घरी आलो तर आई दारातच उभी. पहिलं विचारलं, सवी कुठाय? मी एक थाप मारली. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो. मग तू चौकोनात लिहून टाकलंस, आई. तू लिहिलंस की ते खोडत नाहीस."

मला वाटलं, आता ही त्याला बदडणार. मी असते तर बदडलाच असता, एकोणतीस वर्षांचा घोडा असला म्हणून काय झालं! पण ठमाबाई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती सविताचं पान वाचत होती. तीनच शब्दांचं ते दुसरं वाक्य, पण तिचं बोट त्यावरून किती वेळा फिरलं असेल.

"चिवडा यानं खाल्ला व्हय," ती शेवटी म्हणाली. मग माझा लाल पेन उचलला, प्रूफवर त्या चौकोनाशी नेला आणि मला म्हणाली, "ताई, हे खोडा. सगळंच खोडा. हे खोटं हाय."

सात महिन्यांत पहिल्यांदा ही बाई मला खोडा म्हणाली, आणि माझा हात उचलेना.

"नको खोडू," सविता म्हणाली. "तुला जे कळलं ते तू लिहिलंस. खाली माझं छाप."

ठमाबाईनं होकाराची मान डोलावली. मग लेकीचा हात धरला. "चल घरी."

आणि ही पोरगी काय म्हणाली असेल? "अशी नाही येणार. मी प्रूफ बघायला आलेय. न्यायला माणूस येऊ दे, मग येईन." पर्स उचलली आणि गेली! माहेर तिथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. ही बाई एसटीत बसून परत येवल्याला गेली. मी डोक्याला हात लावून बसले. ठमाबाई मात्र दारात उभी राहून बघत होती, आणि अहो, हसत होती.

"माझीच हाय," म्हणाली.

दोन महिन्यांनी वसुबारस आली. पुस्तक तयार होतं, छापखान्याचा माणूस सकाळपासून फायलीसाठी फोनवर फोन करत होता. पण ठमाबाईनं बजावून ठेवलं होतं, सांजेपर्यंत थांबायचं, शेवटचं पान राहिलंय. मी छापखान्यावर ओरडले, ठमाबाईवर मनातल्या मनात ओरडले. दिवाळीच्या तोंडावर लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला आणि मी एका चौकोनासाठी ताटकळत बसलेली. चार वाजले. पाच वाजले. ललित पहिल्या गाडीनं गेला होता एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्याच्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

सव्वासहाला फोन वाजला. मागं पोरांचा दंगा चालला होता, कुणीतरी 'आजी, आजी' करून ओरडत होतं.

"लिवा ताई," ठमाबाई म्हणाली. "ललित येवल्याला जाऊन सवीला आन् नातवंडांना घेऊन आला."

"लिहिलं. पुढे?"

"चिवडा सगळ्यांनी घरी खाल्ला. मीठ जास्त झालं."

मी तस्संच्या तस्सं टाइप केलं आणि फाइल छापखान्याला पाठवून दिली.