मित्राने कौतुक केलं

आमची ताई चित्रं काढते. एका झकपक जाहिरात एजन्सीत ती बरीच वर्षं होती. काचेच्या भिंती, छताला टांगलेला झोपाळा आणि पाठच नसलेल्या खुर्च्या. मी एकदा गेले होते, तर बसायचं कुठे तेच कळेना. तेव्हापासूनच मला वाटायचं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

तिथला मालक स्वतःला मालक म्हणू द्यायचा नाही. "मी तुमचा मित्र," म्हणायचा. म्हणून पाठीमागे सगळे त्याला मित्रच म्हणत. या मित्राला तोंडावर वाईट बोलवत नसे. काम नापसंत असलं तरी "वा, मस्त!" आणि मग तेच काम गुपचूप दुसऱ्याकडून करून घ्यायचं. कोणाला काढायचं झालं की आधी भर मीटिंगमध्ये त्याचं तोंडभरून कौतुक. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. दोन-चार दिवसांत त्या माणसाचा पासवर्ड चालेनासा व्हायचा. का, ते कोणी सांगत नसे. छायाचित्रकार असाच गेला, मजकूर लिहिणारी बाईही अशीच गेली.

त्यामुळे तिथे शिव्यांपेक्षा टाळ्यांची धास्ती जास्त. ताई मीटिंगला खांबाआड बसायची. एखादं चित्र फार छान साधलं, तर नजरेत भरू नये म्हणून त्याचे रंग मुद्दाम मळवायची. हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अगं, स्वतःच्या हाताने स्वतःचं काम नासवतेस?"

"तुला नाही कळायचं. तिथे टिकायचं तर असंच वागावं लागतं."

मग चित्रविभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. ताईला ती जागा मनापासून हवी होती. "मी तिथे बसले ना, की ज्याचं जे चुकलं ते त्याला तोंडावर सांगेन," ती म्हणाली. त्या वेळचं चित्र तिने मळवलं नाही. जीव ओतून काढलं आणि तसंच दिलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मित्र उभा राहिला. "असा हात आपल्याकडे दुसरा नाही!" टाळ्या पडल्या. ताई मीटिंगमधून बाहेर आली, तर स्वागतकक्षातली मुलगी तिची नजर चुकवत होती, मॅनेजरने तिला बघून दार लोटून घेतलं. ताईची खात्रीच पटली. हाकलून देण्याआधी आपणच गेलेलं बरं, म्हणून तिने दुपारीच राजीनामा दिला.

मित्राचा चेहरा क्षणभर पडला. पण नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नाही. "वा! धाडसी निर्णय!" म्हणत त्याने तिचा हात हातात घेतला.

आठवड्याने स्वागतकक्षातल्या मुलीचा फोन आला. ती रडवेली झाली होती. "ताई, प्रमुखाच्या खोलीच्या दारावर तुमचं नाव रंगवून झालं होतं हो. तुम्हाला आधी कळू द्यायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. आज ते खरवडून काढताहेत."

ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. त्या मित्राला गदागदा हलवावंसं वाटलं मला.

आता ती घरी बसून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. काल आई तिच्या मागे येऊन उभी राहिली. "किती गोड आलंय गं हे पाखरू!"

ताईने ब्रश खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, काय झालंय? सरळ सांग मला."

आई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिला नुसतं ते पाखरू आवडलं होतं.